मुक्काम एडिसन : टेबलांचा हिशेब

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,



लेकीच्या लग्नाच्या रिसेप्शनच्या टेबलांबद्दलचा तुझा हिशेब पोचला. पाहुणे २००, एका टेबलाला १०, म्हणून टेबलं २०, आणि खाली ‘एवढ्यासाठी कसला एवढा खल करताय?’ हा शेरा. दादा, भागाकार बरोबर आहे. माझी तक्रार तू जे भागायला घेतलंस त्याबद्दल आहे. लग्नाला माणसं सुटी सुटी येत नाहीत, घराघराने येतात. आणि आपल्याकडचं एकही घर दहाने भाग जावा म्हणून वाढलेलं नाही. तेव्हा आधी घरं मोजायची, मग टेबलाचा आकार ठरवायचा आणि टेबलांची संख्या अगदी शेवटी काढायची, असं माझं म्हणणं आहे. तू शेवटाकडून सुरुवात केलीस. इथले टेबलं भाड्याने देणारेही तिथूनच सुरुवात करतात, पण त्यांचा त्यात धंदा आहे.

सांगलीत हा प्रश्न का पडत नाही ते आधी बघू, म्हणजे आम्ही अमेरिकेत येऊन विनाकारण चिकित्सक झालो हा वहिनींचा गैरसमज थोडा कमी होईल. मंगल कार्यालयात शंभर पानांची पंगत बसते. अक्षता पडल्या की पहिली, ती उठली की दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी घरची माणसं व वाढपी. शंभर जागांत चारशे माणसं जेवतात, आणि जागा कोणाच्या नावाची आहे हे कोणी विचारत नाही. संध्याकाळच्या रिसेप्शनचंही तेच. माणूस येतो, स्टेजच्या रांगेत उभा राहतो, फोटो काढतो, पाकीट देतो, बुफेकडे वळतो आणि विडा तोंडात घालून तासाभरात बाहेर पडतो. हजार जणांना बोलावलं तरी तीनशे खुर्च्या पुरतात, कारण खुर्ची दर तासाला नवा माणूस बघते. पैशाचा हिशेबही मागाहून. किमान ताटांचा आकडा आधी बोललेला असतो खरा, पण त्यावरची ताटं कार्यालयवाला जेवणं झाल्यावर मोजतो. इकडे सगळेच एका वेळेला येतात आणि चार-पाच तास हलत नाहीत. आधी वधूवरांचं आगमन, मग भाषणं, मग जेवण, मग नाच. प्रत्येक खुर्चीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच मालक असतो. तो नाचायला गेला तरी त्याचा कोट आणि बायकोची शाल खुर्चीवर ताबा ठेवून असतात. आणि जेवणाऱ्यांचा पक्का आकडा केटररला साधारण आठवडाभर आधी द्यावा लागतो. त्यानंतर तो वाढवायला केटरर आनंदाने तयार असतो, कमी करायला नसतो.

‘मग तिकडेही दोन पंगती काढा’ हा वहिनींचा तोडगा मला मनापासून आवडला. अडचण एवढीच, की हॉल ठरलेल्या तासांचा आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे पडतात. शिवाय पहिली पंगत जेवत असताना दुसऱ्या पंगतीने काय करायचं? आपल्याकडे ती पहिल्या पंगतीच्या मागे उभी राहून ताक वाढणाऱ्याकडे बघत असते. व्याह्यांकडची मंडळी इथलीच, अमेरिकन. त्यांना हे आदरातिथ्य समजावून सांगण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं नाही.

आता हॉलचं बघ. हॉटेलात कार्य ठेवलं असतं तर टेबल-खुर्च्या भाड्यातच आल्या असत्या, पण मग जेवणही बहुधा त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबी हवी असेल तर बाहेरचा केटरर येऊ देणारा हॉल घ्यावा लागतो, आणि असा हॉल म्हणजे पुष्कळदा चार भिंती आणि एक दिव्याचं बटण. बाकी सगळं भाड्याने. आपण बघितलेला हॉल ६० बाय ६० फुटांचा आहे, म्हणजे ३६०० चौरस फूट. ‘पाचशेची क्षमता आहे’ असं तिथला मॅनेजर सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. इथल्या बांधकाम नियमांत नुसत्या सुट्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात. ३६०० ला सातने भागलं की ५१४. तेच नियम टेबल-खुर्च्या दोन्ही असतील तर माणशी १५ चौरस फूट धरतात, आणि पाचशेचे एकदम २४० होतात. कीर्तनाला पाचशे, जेवायला दोनशे चाळीस. मॅनेजर नेहमी कीर्तनाचा आकडा सांगतो. आगीच्या वेळी माणसं बाहेर पडली पाहिजेत म्हणून केलेला हा नियम आहे, आणि मांडीवरच्या मुलाला त्यातून वगळायची सोय मला कुठे दिसली नाही.

पण २४० हा आकडासुद्धा कायद्याने किती चालतील ते सांगतो, किती सुखाने जेवतील ते नाही. जमिनीतून आधी काय काय वजा होतं बघ. नाचायला २० बाय २० चा चौक, म्हणजे ४००. वधूवरांचं स्टेज सुमारे ३००. दोनशे माणसांना बुफेच्या दोन रांगा लागतात, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशा, कारण शंभर माणसांना एक रांग असा इथला सरसकट अंदाज आहे. त्या दोन रांगा आणि त्यांच्यापुढे उभी राहणारी भूक मिळून ६५०. दारापाशी मोकळी जागा, भेटींचं टेबल, गाणी लावणारा आणि त्याचे कर्णे यांना १५०. बेरीज १५००. उरले २१००. आता पाच फूट व्यासाचं गोल टेबल, भोवती खुर्च्या आणि दोन टेबलांच्या खुर्च्यांमधून वाढप्याला जाता येईल एवढी वाट धरली, की एका टेबलाला १० बाय १० चा चौरस लागतो. २१०० भागिले १००, टेबलं २१. हे वाचून ‘बघ, मी वीस म्हणालो होतो’ असं तू वहिनींना ऐकवशील. जरा थांब.

पाच फुटी म्हणजे ६० इंची टेबलाचा घेर १८८ इंच. आठ माणसं बसवली तर प्रत्येकाला साडेतेवीस इंच कड मिळते, आणि चोवीस इंच ही या धंद्यात माणसाची सुखाची रुंदी मानली जाते. दहा बसवली तर जेमतेम एकोणीस. तुझा तो ‘अडचण पडली तर बारा बसवा’ हा सल्ला पाळला तर पावणेसोळा इंच, आणि भाड्याने मिळणारी ती सोनेरी कांड्यांची खुर्चीच सोळा इंचांच्या आसपास असते. म्हणजे बारावा माणूस बसेल, पण सगळ्यांनी खुर्च्या मागे ओढून, हात लांब करून भात उचलायचा. एसटीच्या तिघांच्या बाकावर चौथ्याला घेता येतं, कारण तिथे मांडीवर पिशवी असते, आमटीची वाटी नसते. सहा फुटी टेबल घ्यावं तर त्याला दहा माणसं बरी बसतात, पण ते जमीनही तेवढीच जास्त खातं. अकरा बाय अकरा धर, म्हणजे माणशी बारा चौरस फूट, पाच फुटी टेबलावर आठ जणांना पडतात साधारण तेवढेच. गोलाचा व्यास वाढवून सुटका होत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, घरांचा. समज, येणारी सगळी घरं चौघांची आहेत. दोनशे माणसं म्हणजे ५० घरं. दहाच्या टेबलावर दोन घरं बसली की आठ जण झाले, दोन खुर्च्या उरल्या. त्या दोन खुर्च्यांवर तिसऱ्या घराचे आईवडील बसवून मुलं पलीकडच्या टेबलावर पाठवणार का? म्हणजे दहाच्या टेबलावर आठच माणसं बसली, वीसच्या जागी पंचवीस टेबलं लागली, आणि हॉलमध्ये जागा एकवीसची. घरं तिघांची असतील तर नऊ बसतात, एक खुर्ची रिकामी. पाचांची असतील तर बरोबर दहा, पण अशी घरं आता मोजकीच. तू म्हणशील, नुसती जोडपीही येणारच, ती त्या दोन-दोन खुर्च्यांत घाला. कागदावर हे सुरेख जमतं. चौघांची ३६ घरं आणि २८ जोडपी घेतली तर २०० माणसं २० टेबलांवर एकही खुर्ची न उरता बसतात. मी मांडून बघितलं. फक्त त्यासाठी कुठलंही जोडपं कुठल्याही दोन घरांशेजारी बसायला राजी पाहिजे. दहा माणसांच्या गोल टेबलावर माणसांच्या ४५ जोड्या होतात, आणि गोल टेबलाचा गुण असा की त्या पंचेचाळीसही जोड्या एकमेकांना समोर दिसतात. पंचेचाळीस जोड्यांपैकी एकीतही अबोला, जमिनीची वाटणी, मोडलेली सोयरीक किंवा महाराष्ट्र मंडळाची निवडणूक नाही, असं टेबल आपल्या नात्यागोत्यात तू मला काढून दाखव. शिवाय पुष्कळ जोडपी ही सुटी जोडपी नसतातच. ती कोणाची तरी आजी-आजोबा असतात आणि मुलाच्याच टेबलावर बसणार असतात. मग चौघांचं घर सहाचं होतं, आणि सहा अधिक चार हे दहा झाले तरी ते चार कोण हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझं मत असं, की गोल टेबलं घेऊच नयेत. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद अशी साधी घडीची टेबलं मिळतात. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, प्रत्येकाला नेमके चोवीस इंच. पाच टेबलं टोकाला टोक लावून जोडली की चाळीस फुटांची ओळ आणि चाळीस माणसं. अशा पाच ओळी म्हणजे दोनशे. दोन ओळींत पाच फूट वाट ठेवली तर एका टेबलाला साठ चौरस फूट लागतात, पंचवीस टेबलांना १५००. ओळींची दोन्ही टोकं मोकळी पाहिजेत, तिथे पाच-पाच फूट सोडले तरी १८७५. आपल्याकडे २१०० आहेत. टेबलं पंचवीसच, पण गोल पंचवीस मावत नव्हती आणि ही मावून वर जागा उरते. त्याहून मोठा फायदा घरांचा. ओळीत बाकी उरत नाही. तिघांचं घर संपलं तिथून पाचांचं सुरू होतं, ते संपलं की आजी-आजोबांसह सहाचं. आणि प्रत्येक माणसाला शेजार किती? डावा, उजवा, समोरचा आणि समोरच्याचे दोन बाजूचे; एकूण पाच. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्यामध्ये एक गरीब स्वभावाचं घर घातलं की काम झालं. पंगत ज्यांनी आखली त्यांनी हे सगळं शेणाने सारवलेल्या जमिनीवर, कागद न घेता सोडवलं होतं. फक्त त्यांना दुसऱ्या बाजूचे शेजारी नव्हते.

यावर आक्षेप आहेत आणि ते घरातूनच आले आहेत. लेक म्हणते, लांब टेबलं कँटीनसारखी दिसतात. कबूल, उघडी ठेवली तर दिसतात. पण जमिनीपर्यंत पोचणारं आच्छादन घातलं की टेबल आठ फुटी आहे की राजवाड्यातलं, हे पायांनाच कळतं. अशा आच्छादनाचं भाडं पुष्कळदा टेबलाच्या भाड्याहून जास्त असतं. टेबल साधारण १० ते १५ डॉलरला मिळतं आणि त्याची लाज झाकणारं कापड त्याहून महाग. इथल्या लग्नखर्चातली मला सर्वांत तर्कशुद्ध वाटलेली गोष्ट हीच. दुसरा आक्षेप, दोन टेबलं जुळतात तिथे बसणाऱ्याच्या पायात टेबलाचे पाय येतात. हा खरा आक्षेप आहे आणि त्याला उत्तर नाही. तिथे दहा वर्षांखालची मुलं बसवावीत, ती तशीही खुर्चीवर टिकत नाहीत. तिसरा आक्षेप, स्टेजकडे अर्ध्यांची पाठ होईल. ओळी स्टेजच्या दिशेने उभ्या लावल्या तर कोणाचीच होत नाही, मान वळवली की झालं. उलट गोल टेबलावर तीन-चार जणांची पाठ ठरलेली, आणि त्या खुर्च्यांवर नेमके मुलाचे मामा येतात. ‘तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसवलंत’ हे मग पुढची वीस वर्षं. चौथा आक्षेप माझ्या बायकोचा: अमेरिकेत येऊन पंगतच घालायची होती तर एवढा कागद का खराब केला? त्याला माझ्याजवळ तूर्त उत्तर नाही.

राहिला प्रश्न, दोनशे हा आकडा तरी कुठून आला. सरसकट ‘बोलावलेल्यांपैकी इतके टक्के येतात’ असा हिशेब मी मानत नाही. ते टक्के सगळ्यांचे मिळून असतात, आणि आपली यादी तीन जातींची आहे. तुमच्याकडून येणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ आज व्हिसा आहे तेवढेच धरायचे. मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागतात, तेव्हा ‘व्हिसा काढतो आणि येतो’ म्हणणाऱ्यांना प्रेमाने शून्य. विमानाने दुसऱ्या राज्यातून येणारी घरं एकदा तिकीट काढलं की नक्की येतात, आणि ज्यांनी काढलं नाही ती नक्की येत नाहीत. तिथे शंका कमी. खरा घोळ पाच मैलांवरच्या लोकांचा. निमंत्रणावर ‘सहकुटुंब सहपरिवार’ न छापता ‘आपल्यासाठी ४ जागा राखून ठेवल्या आहेत’ असं छापायची इकडे पद्धत आहे. तुला ती उद्धट वाटेल हे ठाऊक आहे, पण उद्धटपणा एका ओळीचा आणि उपयोग पाच ओळींचा. तरी मार्चमध्ये चार म्हणून कळवलेलं घर जूनमध्ये सहाचं होतं, कारण मुलाचे आईवडील सहा महिन्यांसाठी येऊन उतरतात. त्यांना घरी ठेवून या, असं सांगणारा माणूस आपल्यात अजून जन्मला नाही, आणि जन्मू नये. म्हणून स्थानिक घरांपुढे चारच्या जागी सहा होऊ शकतात का, हे आधीच विचारून ठेवायचं. आगाऊपणा वाटला तरी ‘आईबाबा यंदा येताहेत का?’ या प्रश्नाला कोणी रागावत नाही.

यावरही चुकामूक होणारच, तेव्हा राखीव काय ठेवायचं? दोन टेबलं आणि सोळा खुर्च्या घडी करून भिंतीला. त्यांचं भाडं पन्नास-शंभर डॉलरांत भागतं, आणि ऐनवेळी मागवली तर टेबलापेक्षा ते आणणाऱ्या ट्रकचे पैसे जास्त होतात. गोलांत एक टेबल वाढवायचं तर नवा दहा बाय दहाचा तुकडा शोधा. ओळीत शेवटी एक टेबल जोडलं की संपलं. त्याआधी पाच ओळींच्या दहा टोकांना एकेक खुर्ची टाकता येते. ‘शेवटी सगळ्यांची सोय होतेच’ हे तुझं वाक्य मला मान्य आहे, दादा. ती सोय कोणी तरी उठून स्वतःची खुर्ची दिल्यामुळे होते, आणि उठणारा माणूस नेहमी वधूपिता असतो. त्या दिवशी मला बसून जेवायचं आहे, एवढाच या पत्राचा स्वार्थ.

तेव्हा तुमच्या बाजूची यादी पुन्हा पाठवा, पण माणसांची नको, घरांची. रकाने चार : घर, त्यातली माणसं, व्हिसा आहे की नाही, आणि कोणाशेजारी चालणार नाही. पहिले तीन तू भर. चौथा वहिनींनी भरावा. त्यातली तुझी माहिती जुनी असते.

सौ.चा व मुलांचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ओळींना आकडे दिले तर पाचव्या ओळीतले लोक स्वतःला पाचवे समजतात, म्हणून किल्ल्यांची नावं द्यायची ठरली आहेत. राजगड, रायगड, तोरणा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग. लेकीला पुरंदर आणि प्रतापगड हवे होते, मी नको म्हटलं. पुरंदरावर १६६५ साली २३ किल्ले द्यावे लागले, आणि व्याह्यांची ओळ तिथे मांडली तर ते ती सूचना समजतील. प्रतापगडच्या पायथ्याशी १६५९ मध्ये झालेली गळाभेट त्यांच्यातल्या कोणाला कळली, तर व्याहीभेटीला पुढे कोण येणार? सहावी ओळ लागलीच तर कोणतं नाव चालेल तेही कळव.